किल्ल्याखालचे शहर : जेफ्री बिबी यांच्या ‘लुकिंग फॉर दिलमुन’ या ग्रंथाचे समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना

बहरीन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, खजुराच्या बागांच्या सान्निध्यात एक विस्तीर्ण टेकाड आहे. त्याची लांबी सुमारे ६०० मीटर, रुंदी सुमारे ३०० मीटर आणि उंची सुमारे १२ मीटर भरते. टेकाडाच्या माथ्यावर खंदक व बुरूज असलेला एक भक्कम किल्ला आहे. या किल्ल्यावरूनच संपूर्ण स्थळास ‘कलअत अल-बहरीन’, म्हणजे बहरीनचा किल्ला, हे नाव मिळाले. मराठीतील ‘किल्ला’ हा शब्दही फारसीमार्फत त्याच अरबी शब्दापासून आलेला असल्याने मराठी वाचकास हे नाव परके वाटत नाही. ओळखीच्या नावामुळे एक गैरसमज मात्र होतो. समोर दिसतो तो किल्ला म्हणजेच ते स्थळ, असे मन गृहीत धरते. वस्तुतः हे टेकाड निसर्गाने घडविलेले नाही. इ.स.पू. २३०० च्या सुमारापासून सोळाव्या शतकापर्यंत माणसांनी एकावर एक बांधलेल्या, पडलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या वस्त्यांचा तो संचय आहे. मराठी पुरातत्त्वलेखनात अशा स्थळास ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतात. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही शेतकऱ्याची विभागणी येथे शास्त्राच्या उपयोगी पडली आहे. कलअत अल-बहरीन हा किल्ला आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ ती पांढरी आहे.

या पांढरीचा शोध सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविणारा ग्रंथ म्हणजे जेफ्री बिबी यांचा, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लुकिंग फॉर दिलमुन’. पुरातत्त्वविषयक लोकप्रिय लेखनात या ग्रंथाचे स्थान आजही मोठे आहे. तथापि ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या अर्धशतकात डॅनिश उत्खननाचे अंतिम अहवाल सिद्ध झाले, फ्रेंच पथकाचे कार्य झाले आणि २००५ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समाविष्ट झाले. या नव्या ज्ञानाच्या प्रकाशात बिबी यांच्या मांडणीतील काय टिकते, काय दुरुस्त करावे लागते आणि या स्थळाचे वाचन कोणत्या दृष्टीने करणे उचित ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी आणि मांडणी

बिबी (१९१७–२००१) हे मूळचे इंग्रज. बहरीनमध्ये तेल कंपनीच्या नोकरीनिमित्त राहिलेले आणि पुढे डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेले हे अभ्यासक पी. व्ही. ग्लोब यांच्यासह १९५३ च्या अखेरीस बहरीनला परतले. त्यांच्यापुढील मूळ प्रश्न साधा होता. बेटावर हजारोंच्या संख्येने प्राचीन दफन-टेकड्या आहेत, पण त्यात पुरलेली माणसे राहत कोठे होती? मुख्य भूमीवरील लोक आपले मृत या बेटावर आणून पुरत असावेत, बेट म्हणजे केवळ मृतांची भूमी असावी, असा तर्क त्याकाळी प्रचलित होता. वस्ती सापडली तरच तो खोडून निघणार होता. बार्बार येथील मंदिर आणि कलअत अल-बहरीन येथील शहर यांच्या उत्खननाने हा तर्क कायमचा निकालात निघाला. ग्रंथाचे पहिले निर्विवाद श्रेय हेच आहे.

ग्रंथाची मांडणी मोसमामागून मोसम अशी आहे. पथक दरवर्षी येते, चर खणते, खापरे मोजते आणि नवे प्रश्न घेऊन परतते. बहरीनपासून कुवेतमधील फैलका, कतार, अबुधाबी आणि पूर्व सौदी अरबस्तानपर्यंत हा शोध विस्तारत जातो. या रचनेचे एक वैशिष्ट्य नोंदविण्यासारखे आहे. निष्कर्ष तयार स्वरूपात वाचकापुढे ठेवण्याऐवजी बिबी तो कसा बनत गेला ते दाखवितात. कोणते अनुमान फसले, कोणत्या खापराचा अर्थ वर्षभराने बदलला, हे ते मोकळेपणाने सांगतात. शास्त्रीय अहवालात अशा कबुल्यांना सहसा जागा नसते. त्यामुळे पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतची वाट सामान्य वाचकास दिसते आणि ती तपासताही येते. ग्रंथावर टीका करणे शक्य होते ते ग्रंथाच्याच या प्रामाणिकपणामुळे, हे आरंभीच मान्य करावे लागते.

कलअतच्या स्तरांना बिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पहिले शहर’, ‘दुसरे शहर’ असे क्रमांक दिले. स्थूलमानाने पहिले शहर इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील, दुसरे इ.स.पू. २००० च्या सुमाराचे व तटबंदीयुक्त, तिसरे बॅबिलोनच्या कासाइट राज्यकर्त्यांच्या काळातील, चौथे अ‍ॅसिरियन ते इराणी साम्राज्यांच्या काळातील, पाचवे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक प्रभावाच्या काळातील आणि त्यावर इस्लामी काळातील वस्ती असा हा क्रम आहे. फ्लेमिंग होयलुंड आणि हेलमुट आंदरसन यांनी १९९४ व १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत या चौकटीची अनेक उपकालखंडांत फेरविभागणी झाली. काही तारखा सरकल्या, परंतु चौकट मोडली नाही. क्षेत्रावर असताना, मर्यादित चरांच्या आधारे आखलेला क्रम इतका टिकावा, ही त्या पथकाच्या निरीक्षणशक्तीची पावती होय.

दिलमुनची ओळख आणि तळाचा प्रश्न

ग्रंथाच्या शीर्षकातच त्याचे बळ आहे आणि मर्यादाही. ‘दिलमुनचा शोध’ म्हणताच एक नाव गंतव्य ठरते आणि स्तरांकडे त्या नावाच्या दिशेने पाहिले जाते. मेसोपोटेमियाच्या कीलाक्षरी लेखांत दिलमुन हा देश कधी देवांच्या पवित्र भूमीच्या रूपाने, तर कधी तांबे व लाकूड आणणाऱ्या जहाजांच्या देशाच्या रूपाने येतो. अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा सारगॉन याच्या लेखांत तर समुद्रात माशासारखा राहणारा दिलमुनचा राजा उपेरी भेटतो. बहरीनशी या नावाची सांगड प्रथम १८८० मध्ये घालण्यात आली. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ड्युरंड यांना बेटावर एक कोरीव काळा दगड मिळाला होता. त्यावरील लेखात इन्झाक या देवतेचे नाव होते. हेन्री रॉलिन्सन यांनी या आधारे बहरीन हेच दिलमुन, असे प्रतिपादन केले. पुढे सॅम्युएल नोआ क्रेमर यांच्यासारख्या सुमेरविद्येच्या श्रेष्ठ अभ्यासकाने दिलमुन सिंधूच्या खोऱ्यात असावे, असा पर्याय मांडला. म्हणजे बिबी यांच्या काळी ही ओळख सर्वमान्य नव्हती. ती सिद्ध करण्याची ईर्ष्या ग्रंथात दिसते, तिचे कारण हे आहे.

आज बहरीनचे दिलमुनत्व जवळजवळ निर्विवाद मानले जाते. मात्र त्याबरोबर एक महत्त्वाची दुरुस्ती स्वीकारावी लागते. ‘दिलमुन’ हे नाव उरुक येथील अतिप्राचीन मृत्तिकापटांत, म्हणजे इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस आढळते. कलअतचा सर्वांत खालचा स्तर मात्र इ.स.पू. २३०० च्या मागे जात नाही. याचा अर्थ असा की, टेकाडाच्या तळाशी पोहोचल्यानंतरही दिलमुनचा प्रारंभ हाती लागत नाही. आरंभीच्या काळात हे नाव प्रामुख्याने अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यास लावले जात असावे आणि त्याचे केंद्र नंतर बेटावर आले असावे, असे अभ्यासक मानतात. दिलमुनचा विस्तार एका बेटापुरता नव्हता, याची जाणीव बिबी यांनाही होती. परंतु ग्रंथाची कथनरचना वाचकाच्या मनात वेगळेच चित्र उभे करते. खणत गेले की खाली सत्य भेटते, तळ म्हणजेच मूळ, असे ते चित्र आहे. स्तरांचे शास्त्र असे कोणतेही आश्वासन देत नाही. सर्वांत खालचा स्तर हा त्या जागेवरील पहिली वस्ती तेवढी दाखवितो. नावाचा, राज्याचा किंवा संस्कृतीचा उगम तेथेच असला पाहिजे, असे त्यातून निष्पन्न होत नाही.

वजने आणि मुद्रा : स्तरातील पुरावा व पृष्ठभागावरील पुरावा

बिबी यांच्या तर्कशक्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे वजनांचा प्रश्न. उत्तर तटाच्या परिसरात दगडी वजने मिळाली. ती मेसोपोटेमियाच्या मापाशी जुळत नव्हती. सिंधू संस्कृतीच्या मापाशी मात्र ती जुळत होती. ज्या मापात बाजार तोलतो, त्या मापाचा देश त्या बाजारात आधी पोहोचलेला असतो किंवा तेथे अधिक वजनदार असतो, असा सरळ विचार यामागे आहे. ऊर येथील एका मृत्तिकापटात तांब्याचा माल दिलमुनच्या मापात नोंदवून तो ऊरच्या मापात बदलून दाखविला आहे. दिलमुनचे माप वेगळे होते, हे त्यावरून सिद्ध होते. ते माप सिंधूचेच होते, हे कलअतच्या वजनांनी दाखविले. लिखित आणि उत्खनित या दोन स्वतंत्र पुराव्यांचा असा सांधा जुळणे दुर्मीळ असते. ग्रंथातील हा भाग आजही निर्दोष वाटतो.

या संदर्भात गुजरातमधील लोथल येथे मिळालेल्या गोल मुद्रेचा उल्लेख नेहमी होतो. एस. आर. राव यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही मुद्रा बहरीन व फैलका येथील मुद्रांच्या जातीची आहे. तिने दोन किनाऱ्यांमधील व्यापाराचे चित्र पूर्ण झाले, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु लोथलची ही मुद्रा पृष्ठभागावर सापडलेली आहे. तिला स्तर नाही. ती तेथे पोहोचली एवढे ती सांगते, पण केव्हा व कोणत्या वस्तीत, हे ती सांगू शकत नाही. याउलट कलअतची वजने स्तरबद्ध आहेत. दिसायला मुद्रा आकर्षक आणि वजन म्हणजे नुसता घासलेला दगड. तरीही पुरावा म्हणून दगडाचे मोल अधिक ठरते. पाठ्यपुस्तकांत मात्र मुद्रेचे छायाचित्र छापले जाते आणि वजनांचा उल्लेख राहून जातो. वस्तूचे महत्त्व तिच्या सौंदर्यात नसून तिच्या जागेत असते, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा अशा वेळी विस्मरणात जातो.

सर्पांचे वाडगे : स्तर ओलांडणारी कथा

ग्रंथातील सर्वाधिक वाचनीय आणि तितकाच वादग्रस्त भाग सर्पांच्या वाडग्यांचा आहे. चौथ्या शहरातील एका भव्य इमारतीच्या जमिनीखाली पुरलेले मातीचे वाडगे मिळाले. त्यांत सापांचे सांगाडे होते. त्यांच्यासोबत लहान मणी आणि एका ठिकाणी मोती आढळला. बिबी यांनी याचा संबंध गिलगामेशच्या कथेशी जोडला. पायांना दगड बांधून समुद्राच्या तळाशी जाणारा गिलगामेश अमरत्वाची वनस्पती मिळवितो, पण एक सर्प ती पळवितो. आखातातील मोती काढणारे पाणबुडे दगडाच्याच आधारे तळ गाठीत असत. म्हणून ती वनस्पती म्हणजे मोती, आणि वाडग्यातील साप व मोती म्हणजे त्या कथेची दिलमुनमधील स्मृती, असे हे अनुमान आहे.

अनुमान मोहक आहे. ते तपासताना दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली कालाची. हे वाडगे इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्याच्या सुमाराचे आहेत. दिलमुनला जलप्रलयानंतरच्या अमर पुरुषाचे निवासस्थान मानणारी सुमेरी परंपरा त्याहून हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. दुसरी अडचण संहितेची आहे. जलप्रलयातून वाचलेल्या झिउसुद्रास देवांनी दिलमुनमध्ये ठेवले, हे सुमेरी काव्यात येते. वनस्पती व सर्प यांचा प्रसंग अक्कडी महाकाव्यात येतो आणि तेथे अमर पुरुषाचे स्थान नद्यांच्या मुखाशी आहे, दिलमुन हे नाव नाही. म्हणजे संहितांनाही स्तर आहेत. दोन वेगळ्या स्तरांतील तपशील एकत्र करून तयार केलेली कथा तिसऱ्याच, जमिनीतील स्तराला लावली गेली आहे.

बिबी यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. गिलगामेशचे महाकाव्य इ.स.पू. सातव्या शतकात निनेवे येथील असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहात होते. बहरीनचा अ‍ॅसिरियाशी राजकीय संबंधही होता. त्यामुळे ही कथा त्या काळी बेटावर ठाऊक असणे अशक्य नाही. पण शक्यता आणि पुरावा यांत अंतर असते. इमारतीच्या जमिनीखाली सर्प पुरण्याचा विधी होता, एवढे निश्चित. त्या विधीचा अर्थ करणाऱ्यांना कोणता वाटत होता, हे वाडगे सांगत नाहीत. वजनांच्या प्रकरणात लेखी पुरावा आणि उत्खनित पुरावा एकमेकांना तपासतात. येथे मात्र लेखी पुरावा उत्खनित वस्तूच्या तोंडी शब्द घालतो. एकाच ग्रंथातील या दोन प्रकरणांची तुलना विद्यार्थ्यांना पद्धतीचा फरक समजावून देण्यास पुरेशी आहे.

किनाऱ्यावरचा किल्ला : एका भिंतीच्या दोन तारखा

टेकाडावर किल्ला एकच नाही. माथ्यावरच्या किल्ल्याखेरीज उत्तरेला अगदी समुद्राच्या काठाशी, प्राचीन शहराच्या उत्तर तटाजवळ, सुमारे ५० मीटर बाजूचा एक चौकोनी, बुरुजबंद किल्ला आहे. डॅनिश पथकाने हा किल्ला इस्लामी काळातील मानला. १९९४ च्या अहवालाच्या शीर्षकातच त्याचा उल्लेख ‘इस्लामी किल्ला’ असा आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू करणाऱ्या फ्रेंच पथकाच्या प्रमुख मोनिक केर्वराँ यांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते किल्ल्याची मूळ उभारणी इस्लामपूर्व काळातील असून तेराव्या शतकात त्याचा पुनर्वापर झाला. या पुनर्वापराच्या काळात किल्ला लढण्यापेक्षा माल साठविण्यासाठी अधिक वापरला गेला. त्या काळातील चिनी मातीची भांडीही तेथे मिळाली आहेत.

एकाच भिंतीच्या तारखेबाबत दोन अनुभवी पथकांत शतकांचा फरक पडावा, याचे नवल वाटू शकते. परंतु तटबंदीच्या बाबतीत हे स्वाभाविक आहे. घर पडले की नवे घर त्यावर बांधतात, त्यामुळे घरांचे स्तर एकावर एक साचतात. तट मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो. त्याची डागडुजी होते, आतील जमीन झाडली जाते, जुना थर खणून नवी जमीन घातली जाते. जितका वापर अधिक, तितका आरंभीच्या वापराचा पुरावा कमी. किल्ल्याच्या आत सापडणारी खापरे बहुधा शेवटच्या रहिवाशांची असतात, बांधणाऱ्यांची नव्हेत. म्हणून तटाची तारीख ठरवायची तर पायाच्या चराचा आणि तो चर ज्या थरांना छेदून गेला त्यांचा विचार करावा लागतो. हा वाद कोणत्या पथकाच्या बाजूने सुटतो यापेक्षा तो ज्या कारणाने उद्भवला ते कारण अधिक मोलाचे आहे. किल्ला हा स्तरविन्यासातील सर्वांत ठळक आणि तरीही सर्वांत अवघड घटक होय.

माथ्यावरचा किल्ला : वरचा स्तर खालच्यांचे काय करतो

माथ्यावरच्या किल्ल्याचा इतिहास त्यामानाने स्पष्ट आहे. होर्मुझच्या सत्तेखाली पंधराव्या शतकात त्याची उभारणी झाली व सोळाव्या शतकात तो वाढविला गेला. १५२१ मध्ये अंतोनियो कोरेया यांच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीजांनी बहरीन जिंकले. १५२९ मध्ये बंड मोडण्यासाठी आलेल्या पोर्तुगीज तुकडीस मात्र याच किल्ल्यासमोर माघार घ्यावी लागली. १५५९ च्या ऑटोमन वेढ्यानंतर, १५६१ मध्ये तोफांच्या युद्धास योग्य असे नवे बुरूज बांधून किल्ल्यास आजचे रूप देण्यात आले. १६०२ मध्ये इराणच्या सफवी सत्तेने पोर्तुगीजांना बेटावरून घालविले. होर्मुझ ज्या पोर्तुगीज सत्तेच्या अंकित होते तिची आशियातील राजधानी १५३० पासून गोवा होती. या अर्थाने बहरीनचे हे बुरूज आणि वसई-चौलचे बुरूज एकाच समुद्री व्यवस्थेचे घटक आहेत.

‘लुकिंग फॉर दिलमुन’मध्ये या किल्ल्यास दुय्यम स्थान मिळाले आहे. बिबी यांना तो ठाऊक आहे, त्याच्या छायेत ते काम करतात, परंतु शोधाचा विषय त्याच्या खाली असल्याने तो बहुतांशी खुणेच्या दगडासारखा येतो. ही ग्रंथाची सर्वांत मोठी मर्यादा म्हणता येईल. वरचा स्तर म्हणजे खालच्या स्तरावरचे केवळ आच्छादन नव्हे. किल्ल्याचा खंदक टेकाडात खोल उतरतो, म्हणजेच तो जुन्या शहरांना कापतो. नंतरच्या बांधकामांसाठी जुन्या भिंतींचे घडीव दगड उपसून नेले गेले. दगड नेल्यानंतर उरलेले रिकामे चर हाच कित्येकदा जुन्या भिंतीचा एकमेव पुरावा असतो. दिलमुनचा दगड अशा रीतीने वरच्या बांधकामात आजही उभा आहे. किल्ल्याने शहर झाकले, शहर कापले आणि शहर वापरलेही. हे तीन संबंध समजले म्हणजे ‘खालचे मूळ आणि वरचे उपरे’ अशी विभागणी करता येत नाही.

नाव आणि जतन यांचा प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. स्थानिक बोलण्यात हा ‘पोर्तुगीज किल्ला’ म्हणूनही ओळखला जातो. पोर्तुगीजांचा अंमल सुमारे ८० वर्षांचा आणि टेकाडाचे आयुष्य जवळपास ४००० वर्षांचे. मग नाव त्यांचे का, असा रास्त आक्षेप घेता येईल. जागतिक वारसा सूचीत आता या स्थळाच्या नावाला ‘दिलमुनचे प्राचीन बंदर व राजधानी’ अशी जोड आहे. पहिल्या नावात सर्वांत वरचा स्तर बोलतो, दुसऱ्यात खालचा. मधला प्रदीर्घ काळ दोन्ही नावांत मूक आहे. या मधल्या काळातच बेटास ग्रीकांनी ‘टायलोस’ म्हटले, अरबांनी ‘अवाल’ म्हटले. कोणत्या स्तरास नाव द्यायचे हा निर्णय पुढे कोणता स्तर राखायचा आणि कोणता खणून काढायचा या निर्णयात परिणत होतो. टेकाडाच्या सुमारे २५ टक्के भागाचेच उत्खनन झालेले आहे. उरलेला भाग कोणत्या प्रश्नासाठी उघडायचा, हे आज ठरविणाऱ्यांसाठी बिबी यांच्या ग्रंथाचे यश ही एक प्रेरणा आहे आणि एक सावधगिरीची सूचनाही.

खजूर : स्तरांना जोडणारा धागा

नावांऐवजी कामाकडे पाहिले तर टेकाडाची वेगळीच एकता दिसू लागते. कासाइट काळातील, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या सुमारातील वास्तूत ‘मदबसा’ नावाच्या खोल्या मिळाल्या आहेत. मदबसा म्हणजे खजुराची काकवी गाळण्याची जागा. गिलावा केलेल्या जमिनीत समांतर पन्हळी काढलेल्या असतात. त्यावर खजुराने भरलेल्या झावळ्यांच्या गोणी थरावर थर रचतात. वरच्या गोणींच्या भाराने आणि उष्म्याने खालच्या खजुरातून दाट रस पाझरतो व पन्हळींतून वाहत जमिनीत पुरलेल्या रांजणात जमा होतो. अशाच मदबसा सुमारे अडीच हजारांहून अधिक वर्षांनंतर किनाऱ्यावरच्या किल्ल्यात, त्याच्या कोठार म्हणून झालेल्या वापराच्या काळात पुन्हा भेटतात. राज्यकर्त्यांची नावे, देव, लिपी आणि भाषा बदलल्या, तरी जमिनीतील पन्हळ तीच राहिली.

लेखी पुरावाही याला पुष्टी देतो. मेसोपोटेमियातील निप्पूर येथे सापडलेल्या कासाइटकालीन पत्रांत दिलमुनमधील अधिकारी इली-इप्पश्रा तक्रार करतो की, अहलामू टोळ्यांनी खजूर पळवून नेला. १९९० च्या दशकात फ्रेंच पथकास कलअतमध्येच कासाइट राजवटीचे कीलाक्षरी मृत्तिकापट मिळाले आणि बेटावरील बॅबिलोनी कारभाराला थेट आधार लाभला. देवांच्या पवित्र भूमीच्या कथेत न मावणारे हे दिलमुन आहे. येथे गोणी मोजल्या जातात, चोरी होते आणि वरिष्ठांना पत्रे लिहिली जातात. बिबी यांच्या ग्रंथात या रोजच्या जगाबद्दल आस्था आहे, परंतु कथनाचा उत्कर्षबिंदू नेहमी पुराणकथेकडे झुकतो. ग्रंथ आज नव्याने लिहावयाचा झाल्यास त्याचे केंद्र सर्पांच्या वाडग्याऐवजी खजुराच्या पन्हळीकडे सरकले असते, असे म्हणता येईल.

मराठी दुर्गाभ्यासाच्या दृष्टीने

मराठीत किल्ल्यांवरील लेखनाची परंपरा समृद्ध आहे. बांधणी, वेढे, तह, किल्लेदार आणि दरवाजे यांची नोंद या परंपरेने मोठ्या निष्ठेने केली. त्यामुळेच किल्ला म्हणजे त्याचा तट आणि इतिहास म्हणजे त्या तटासाठी झालेला संग्राम, असे समीकरणही रूढ झाले. वसईचा किल्ला म्हटले की १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. शेजारचे सोपारे, जेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना बौद्ध स्तूप व अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला, ते वेगळ्या प्रकरणात जाते. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट दुर्गप्रेमी पाहतात, आणि ‘पेरिप्लस’मध्ये सेमिल्ला म्हणून उल्लेखिलेले चौल प्राचीन व्यापाराचे अभ्यासक पाहतात. एकाच किनाऱ्याचे आणि एकाच बंदरजीवनाचे हे स्तर दोन वेगळ्या विद्याशाखांत वाटले गेले आहेत.

कलअत अल-बहरीनचा अनुभव या विभागणीस उत्तर सुचवितो. सागरी किल्ला जेथे उभा राहतो तेथे बहुधा आधीपासून गोडे पाणी, सुरक्षित नांगरवाडा आणि मालाची ये-जा असते. किल्ला ही जागा निवडतो कारण ती आधीच निवडली गेलेली असते. म्हणून अशा किल्ल्याची पाहणी तटाच्या मापांवर थांबू नये. खंदकाच्या कापलेल्या बाजूत कोणते थर दिसतात, तटातील दगड कोठून आला, आवारात कोणत्या काळाची खापरे विखुरली आहेत, याची नोंद उत्खननाविनाही घेता येते. डागडुजीच्या नावाखाली आवार साफ करताना, पायवाटा आणि दिव्यांसाठी चर खणताना नष्ट होते ती हीच माहिती. गेलेला तट पुन्हा उभारता येतो, उपसलेला थर पुन्हा घालता येत नाही.

निष्कर्ष

‘लुकिंग फॉर दिलमुन’ या ग्रंथाने बहरीनला मृतांच्या बेटाच्या प्रतिमेतून बाहेर काढून जिवंत बंदराचा इतिहास मिळवून दिला. स्तरांचा क्रम, वजनांचे विवेचन आणि शोधप्रक्रियेचे पारदर्शक कथन ही त्याची टिकाऊ देणगी आहे. एका नावाच्या शोधापायी वरचे स्तर गौण ठरविणे आणि सर्पांच्या वाडग्यांबाबत संहिता व स्तर यांची सरमिसळ करणे, या त्याच्या मर्यादा होत. किल्ल्याच्या नावाने शहर झाकले गेले होते. दिलमुनच्या नावाने किल्ला झाकला जाऊ नये, ही दक्षता पुढील अभ्यासकांनी घ्यावयाची आहे. टेकाडाचे सत्य कोणत्याही एका स्तरात नाही. एका स्तराने दुसऱ्याला कसे वापरले, कापले आणि सांभाळले, या संबंधात ते आहे, आणि बहरीनच्या त्या पांढरीचा बराच भाग अजून न उघडता शिल्लक आहे.